तीन काडतुसं आणि लाकडाची एक काडी

आज नगरपरिषद नाही, पाणीपुरवठा नाही, रस्त्याचे खड्डेही नाहीत. आज बंदुकीवर लिहितोय. पोस्ट लांबली आहे, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट अमेरिकेतून निघते आणि आपल्याच शिवारात येऊन थांबते.

झालं असं. माझ्या चुलतभावाचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तिथलाच नागरिक आहे. गेल्या महिन्यात रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल. म्हणाला, "काका, पहिली बंदूक घ्यायचीय. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन. उन्हाळाभर मातीच्या तबकड्यांवर हात बसवायचा आणि पुढच्या सीझनला मित्रांबरोबर बदकांच्या शिकारीला जायचं. कोणती घेऊ?"

मी म्हटलं, "अरे बाबा, मी तालुक्याचा पत्रकार. माझा आणि बंदुकीचा संबंध एवढाच, की निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात परवान्याच्या बंदुका जमा होतात आणि मी त्याची चार ओळींची बातमी करतो."

तो म्हणाला, "पण आबांकडे होती ना?"

होती. आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्याची दुनळी बारा बोअर होती. त्या बंदुकीबद्दल पुढे सांगतो. आधी पुतण्याचं ऐका. त्यानं दुकानातल्या तीन बंदुकांचे फोटो पाठवले. तीन कंपन्या, तीन किमती. आणि एका फोटोत बोटभर जाडीची एक साधी काडी. "काका, ही काडी तिन्ही बंदुकांबरोबर येते. दुकानदार म्हणाला, बदकांना जायचं तर ही आत असलीच पाहिजे."

त्या काडीनं मला पंधरा दिवस झोपू दिलं नाही. रोज रात्री पेपरचं काम संपलं की वाचत बसलो. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, ते. सिनेमात धडाधड गोळ्या सुटतात तसं हे नाही. चाप एकदा ओढला की एकच बार होतो. पण त्या बाराच्याच जोरावर बंदूक रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि नळीखालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस वर घेते. आबांच्या दुनळीला दोन बार झाले की ती मोडून, रिकामी काडतुसं काढून पुन्हा भरावी लागे. या बंदुकीत ते काम यंत्र करतं.

हे यंत्र पहिल्यांदा जमवलं जॉन मोझेस ब्राउनिंग या माणसानं. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ऑग्डेन हे त्याचं गाव. बाप बंदुका दुरुस्त करायचा, पोरगा त्याच दुकानात वाढला. १९०० साली त्याला या बंदुकीचं पेटंट मिळालं. तोवर एकोणीसेक वर्षं तो विंचेस्टर कंपनीला आपली डिझाइनं विकत होता. दर वेळी एकरकमी पैसे घ्यायचे आणि विषय संपवायचा, अशी पद्धत. या वेळी मात्र तो अडला. म्हणाला, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे मला वाटा पाहिजे. विंचेस्टरनं नकार दिला. मग तो रेमिंग्टन कंपनीचे मालक मार्सेलस हार्टली यांना भेटायला गेला. तारीख ८ जानेवारी १९०२. भेटीची वाट बघत बसलेला असतानाच निरोप आला, हार्टली हृदयविकारानं वारले.

ब्राउनिंगनं बंदूक बगलेत मारली आणि बोटीनं थेट बेल्जियम गाठलं. लिएज शहराजवळ हेर्स्टाल इथल्या एफएन कंपनीशी पिस्तुलामुळे त्याची आधीच ओळख होती. तिथं सौदा झाला आणि ऑटो-५ ही बंदूक बाजारात आली. नळकांड्यात चार आणि नळीत एक, अशी पाच काडतुसं, म्हणून नावात ५. पाठीमागचा भाग कुबडासारखा वर आलेला, त्यामुळे दुरूनही ओळखू यायची. विसावं शतक संपत आलं तोवर ती बनत होती. ब्राउनिंग १९२६ साली त्याच हेर्स्टालच्या कारखान्यात काम करता करता गेला.

विंचेस्टरला नंतर हळहळ वाटली. त्यांनी स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक काढायची ठरवली, पण ब्राउनिंगची पेटंटं आडवी आली. खटका ओढायची मूठ वापरता येईना. मग १९११ च्या त्यांच्या मॉडेलमध्ये नळीवरच खरखरीत पट्टा केला. पट्ट्याला धरून नळी मागे ढकलायची, की बंदूक सज्ज. नळी जाम झाली की लोक दस्ता जमिनीवर टेकवायचे आणि नळीच्या तोंडाजवळ वाकून जोर लावायचे. पुढं काय होत असेल ते सांगायला नको. त्या बंदुकीला लोकांनी विधवा करणारी म्हणून नाव ठेवलं. पुतण्याला मी पहिली गोष्ट हीच सांगितली. बंदूक कुठल्याही कंपनीची असो, भरलेली असो की रिकामी, तोंड माणसाकडे कधी नाही. दुनळी मोडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे दहा फुटांवरून दिसतं. सेमी-ऑटोमॅटिकचं तसं नाही. म्हणून मैदानावर तिचा खटका मागे ओढून खिडकी उघडी ठेवायची आणि आपली पाळी आल्याशिवाय काडतूस भरायचं नाही.

आता त्याच्या तीन बंदुकांकडे येऊ. ब्राउनिंगच्या बंदुकीत बार झाला की अख्खी नळीच मागे सरकायची. हलकं काडतूस की भारी, त्याप्रमाणे आतली कडी बदलावी लागायची. ती चुकली तर एक तर बंदूक अडायची, नाहीतर आतल्या आत ठोकरून घ्यायची. आजोबांच्या काळातली ऑटो-५ स्वस्तात मिळते म्हणून पहिली बंदूक तीच घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. शिवाय जुन्या बेल्जियन नळ्यांत स्टीलचे छर्रे वापरू नका, असं कंपनीच सांगते.

आजच्या बहुतेक बंदुका दोन वाटांनी चालतात. एक वाट गॅसची. नळीला बारीक भोकं असतात. दारूच्या धुराचा थोडा दाब त्यातून खाली येतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. रेमिंग्टननं १९६३ साली काढलेल्या ११०० या मॉडेलमुळे ही पद्धत घराघरांत गेली. खांद्याला धक्का पसरून, मऊ बसतो. दोष एवढाच की आत काजळी साठते, ती साफ करावी लागते. दुसरी वाट जडत्वाची. बस एकदम पुढं गेली की उभा माणूस मागे झुकतो ना, तेच तत्त्व. बंदूक मागे हटते, आतला जड ठोकळा जागीच राहू बघतो, मधली स्प्रिंग दबते आणि तीच पुढचं काम करते. इटलीत उर्बिनो गावी १९६७ साली बेनेली कंपनीनं ब्रुनो चिव्होलानीच्या कल्पनेवर हे उभं केलं. ही बंदूक हलकी, आतून स्वच्छ, चिखलात आणि थंडीत न कुरकुरणारी. पण धक्का जास्त देते, आणि फार हलकं काडतूस घातलं किंवा खांद्याला नीट टेकवली नाही तर कधी कधी अडते.

पुतण्या दिवसाला शंभर-शंभर तबकड्या फोडणार, बदकांना वर्षातून चार-सहा वेळाच जाणार. अशा माणसाच्या खांद्याचा विचार केला तर पहिली बंदूक गॅसवाली बरी. बारा बोअर, अठ्ठावीस इंची नळी, तोंडाचा चोक फिरवून बदलता येणारा. चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळपणा. जवळच्या तबकडीला मोकळा, लांबच्या पक्ष्याला आवळ. मात्र स्टीलच्या छर्र्यांना फार आवळ चोक लावायचा नाही. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला देशभर बंदी आहे. तळ्याच्या तळाशी पडलेलं शिसं बदकं खडे समजून गिळत आणि विषबाधेनं मरत. पुतण्या डावखुरा आहे. त्याला सांगितलं, रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, तुझ्या तोंडासमोरून जाईल. डावखुऱ्यांसाठी वेगळं मॉडेल मिळतं का ते विचार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किमतीचा कागद बघण्याआधी बंदूक खांद्याला लावून बघ. डोळे मिटून लाव, उघडल्यावर नजर सरळ नळीवरून जात असेल तर ती तुझी.

इथपर्यंत यंत्राची गोष्ट झाली. आता काडीची.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत प्रवासी कबुतर नावाचा पक्षी होता. थवे इतके मोठे की आभाळ झाकोळून जाई. रेल्वे आणि तार आली. थवा कुठं उतरलाय ते तारेनं कळायचं, व्यापारी शिकारी रेल्वेनं पोचायचे आणि पिंपंच्या पिंपं भरून शहराच्या बाजाराला पाठवायचे. नेमबाजीच्या स्पर्धांतही जिवंत कबुतरंच खोक्यातून सोडत. ती पुरेनाशी झाली तेव्हा सिनसिनाटी शहरातल्या जॉर्ज लिगोव्स्की यानं १८८० साली भाजलेल्या मातीची तबकडी काढली. मातीचं कबूतर. आज ती डांबर आणि चुनखडीची असते, पण नाव तेच राहिलं. आणि १ सप्टेंबर १९१४ ला जगातलं शेवटचं प्रवासी कबूतर मेलं, तेही त्याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात. मातीचं कबूतर जिथं जन्मलं, तिथंच खरं संपलं. मधे गेली फक्त चौतीस वर्षं.

ब्राउनिंगची पाच बारांची बंदूक नेमकी याच काळात आली. तिच्याविरुद्ध ओरड करणाऱ्यांत विल्यम हॉर्नाडे हे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख पुढे होते. पेनसिल्व्हेनिया राज्यानं १९०७ सालीच शिकारीत सेमी-ऑटोमॅटिकवर बंदी घातली. ती छोट्या शिकारीपुरती उठायला २०१७ उजाडलं. पण बाकीच्या देशात बंदूक खपत राहिली आणि पक्षी कमी होत राहिले. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांचा केंद्रीय कायदा झाला. तरी १९३० नंतरच्या दुष्काळात पाणथळी आटल्या, शेतीसाठी आधीच बुजवलेल्या होत्या, आणि बदकांची संख्या फारच घसरली.

इथं आपल्या धंद्यातला माणूस येतो. जे. एन. डार्लिंग, आयोवातल्या एका दैनिकाचा व्यंगचित्रकार. 'डिंग' या सहीनं चित्रं काढायचा, पुलित्झर मिळालेला. स्वतः बदकांचा पक्का शिकारी आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणांवर टीका करणारा. रूझवेल्टनी १९३४ साली त्यालाच वन्यजीव खात्याचा प्रमुख केलं. टीका करतोस ना, मग ये आणि करून दाखव. आपल्याकडे असं किती वेळा होतं, ते तुम्हीच आठवा.

डार्लिंगनं वीस महिन्यांत काय केलं ते बघा. त्याच वर्षी बदक तिकिटाचा कायदा लागू झाला. शिकाऱ्यानं एक डॉलरचं तिकीट घ्यायचं, त्यावर शाईनं सही करायची, मगच तळ्यावर जायचं. ते पैसे पाणथळ जमिनी विकत घ्यायला. पहिल्या तिकिटावरचं चित्र त्यानंच काढलं. आज तिकीट पंचवीस डॉलर आहे आणि पुतण्यालाही ते घ्यावंच लागणार आहे. १९३५ साली पाण्यावर जिवंत बदकं बांधून इतरांना भुलवणं बंद झालं, दाणे टाकून पक्षी गोळा करणं बंद झालं. आणि त्याच वर्षी नियम आला: स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. बंदूक पाचाची असेल तर नळकांड्यात एक अखंड काडी घाला, अशी की बंदूक खोलल्याशिवाय ती निघणार नाही.

तीच पुतण्याच्या फोटोतली काडी.

१९३७ साली आणखी एक कायदा झाला, पिटमन-रॉबर्टसन. बंदुका आणि काडतुसांवरचा कर, आज लांब बंदुकांवर अकरा टक्के, थेट राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. त्यातली अट आपल्या लोकप्रतिनिधींनी वाचावी अशी आहे. शिकार परवान्यांचे पैसे जे राज्य दुसरीकडे वळवील, त्याला हा निधी मिळणार नाही. तालुक्याला आलेला निधी कुठून कुठे वळला, याच्या बातम्या करण्यात माझी वीस वर्षं गेली. ही अट वाचून मी खुर्चीत ताठ बसलो.

नियम आंधळाही नाही. पुढं हिमहंस इतके वाढले की उत्तरेतली गवताळ जमीन खरवडून खाऊ लागले. तेव्हा १९९९ पासून त्या हंसांसाठी ठरावीक काळात काडी काढायची मुभा दिली. पक्षी मोजा, मग काडी घालायची की काढायची ते ठरवा, असा हिशोब.

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेत काडीचा नियम झाला त्यानंतर तीन वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९३८ ला, भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आकडा तिथं दगडावर कोरलेला आहे. अभिमानानं कोरलाय.

आणि आमच्या घरातला आकडा एकतीस.

मी चौथीत असेन. वडाला फळं धरली होती आणि हरियाल उतरले होते. हरियाल म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आबांकडे पाहुणे आले होते. ते दुनळी घेऊन वडाखाली गेले. संध्याकाळी अंगणात पक्षी ओळीनं मांडले आणि मोजायला मला बसवलं. हिरवी-पिवळी पिसं अजून ऊबदार होती. मी एकतीसपर्यंत बिनचूक मोजले म्हणून सगळ्यांनी शाबासकी दिली. १९७२ चा वन्यजीव कायदा होऊन तेव्हा पंधराच्या वर वर्षं झाली होती. पाहुण्यांत शिकलेसवरलेले, नोकरदार लोक होते. कोणी एका शब्दानं म्हणालं नाही, की आता पुरे.

सेमी-ऑटोमॅटिक नव्हती ती. दोनच नळ्या होत्या. एकतीस पक्षी पडायला तेवढ्या पुरल्या.

हे आज का लिहितोय? मागच्या हंगामात रानडुकरांच्या त्रासाबद्दल आपल्या भागात शेतकरी मेळावा झाला होता. त्रास खरा आहे. एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग उकरलेला मी स्वतः पाहिलाय. पंचनामा, परवानगी, भरपाई यांत शेतकऱ्याचे जोडे झिजतात हेही खरं. मेळाव्यात एक वक्ते म्हणाले, "शेतकऱ्याला अमेरिकेसारखी ऑटोमॅटिक बंदूक द्या, प्रश्न आठ दिवसांत मिटेल." टाळ्या पडल्या. आणि मी काय केलं? तेच वाक्य मथळ्याला घेतलं. आपल्याकडे साध्या परवान्यावर अशी बंदूक मिळत नाही, ही ओळसुद्धा बातमीत टाकली नाही. डुकरं किती आहेत ते कुणी मोजलंय का, हे विचारलं नाही. अमेरिकेत त्या बंदुकीबरोबर आणखी काय काय येतं, हेही विचारलं नाही. ती माझी चूक, आज इथं मान्य करतो.

अमेरिकेसारखी बंदूक मागायची तर अख्खी मागावी लागेल. तिच्याबरोबर परीक्षा येते. मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्याला सुरक्षेचं प्रशिक्षण पास केल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. सहीचं तिकीट येतं. ठरलेला हंगाम आणि दिवसाला ठरलेली संख्या येते. तपासायला येणारा वनरक्षक येतो. कर येतो आणि तो कर दुसरीकडे न वळवणारा कायदाही येतो. आणि बंदुकीच्या पोटात काडी येते. अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. शाळांमधल्या गोळीबारांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. पण पक्ष्यांच्या बाबतीत तिथल्या शिकाऱ्यांनी स्वतःच्या हातावर बंधन घेतलं आणि त्याचे पैसेही स्वतःच भरले, एवढं मान्य करायला हवं.

परवा पुतण्याचा पुन्हा फोन. बंदूक घेतली, गॅसवाली, डावखुऱ्याची. म्हणाला, "काका, क्लबवर मित्र सांगतात, तबकड्यांना काडीची गरज नाही, काढून ठेव. सीझनला परत घाल."

नियमानं त्यांचं बरोबर आहे. मी तरी म्हटलं, "राहू दे आत. तबकडीला एका वेळी दोनच्या वर काडतुसं लागतातच कुठं?"

तो हसला. मग विचारलं, "आबांच्या बंदुकीला होती का अशी काडी?"

मी नाही म्हटलं आणि त्याला वडाखालची संध्याकाळ सांगितली. घरात ती आजवर कुणाला सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, काडी आतच ठेवतो."

आबा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. वड रस्ता रुंदीकरणात गेला. हरियाल कधीमधी तहसील कचेरीमागच्या पिंपळावर दिसतात. मागच्या आठवड्यात सात होते. मोजले मी.